उत्तर फ्रान्स सायकलवरून : बीटाची शेतं, कोळशाचे डोंगर आणि नव्ह-शापेलची भिंत

उत्तरवारा

नमस्कार मंडळी,

लीलला राहायला येऊन सहा वर्षं झाली. इथले ओळखीचे मराठी लोक सुट्टी मिळाली की आल्प्सला जातात, लुआरकाठचे राजवाडे बघतात, नाहीतर थेट दक्षिणेचा समुद्र गाठतात. उत्तर फ्रान्स म्हणजे पॅरिसहून लंडनला किंवा ब्रसेल्सला जाताना गाडीच्या खिडकीतून दिसणारा सपाट, करडा पट्टा, एवढीच त्याची ओळख. माझंही पहिल्या वर्षी तेच झालं. दुसऱ्या वर्षी एक जुनी सायकल घेतली आणि मग हा भाग हळूहळू उघडत गेला. तेव्हापासून बहुतेक शनिवार-रविवार याच रस्त्यांवर जातात.

हा धागा मुख्यतः एका दिवसाच्या फेरीबद्दल आहे. बाकी वाटांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

माझं बालपण दापोडी-खडकीत गेलं. शाळेत जाताना बॉम्बे सॅपर्सच्या फाटकावरून सायकल जायची. ही पलटण रस्ते, पूल, सुरुंग यांची कामं करते एवढं माहीत होतं. त्याच पलटणीचे लोक १९१४ साली, माझ्या आताच्या घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, एका फ्रेंच खेड्याच्या गल्ल्यांतून संगिनी घेऊन लढले होते, हे इथे येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. शाळेच्या इतिहासात पहिलं महायुद्ध दोन पानांत उरकलं होतं, आणि त्या दोन पानांत खडकी नव्हती.

त्या खेड्याचं नाव नव्ह-शापेल. हिंदुस्थानी फौज १९१४च्या सप्टेंबरअखेर मार्सेयला उतरली आणि ऑक्टोबरात या भागात खंदकांत आली. २८ ऑक्टोबरला जर्मनांच्या ताब्यातलं हे खेडं परत घ्यायचा हल्ला झाला. त्यात ४७वी शीख पलटण आणि खडकीच्या सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. त्यांत मराठे होते, शीख होते, पंजाबी मुसलमान होते. सॅपर म्हणजे कुदळ-फावड्याचा माणूस. पण त्या दिवशी माणसं कमी पडली म्हणून त्यांना पायदळासारखं पुढे पाठवलं. ते गावात शिरले, घराघरांतून लढले, आणि मदत न आल्यामुळे त्यांना मागे यावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले.

पुढे १० ते १३ मार्च १९१५ला याच गावासाठी मोठी लढाई झाली. गाव पहिल्याच दिवशी हाती आलं, पुढची सरकण मात्र अडली. ब्रिटिश आणि हिंदुस्थानी मिळून अकरा हजारांच्या वर माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्यांत चार हजारांहून जास्त आपल्याकडची होती. आज गावात हिंडलं तर विटांची नीटनेटकी घरं, एक चर्च, एक शाळा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलनं पाच मिनिटं लागतात.

आता फेरी सांगतो.

लील-फ्लाँद्र स्टेशनावरून बेत्यूनकडे जाणारी प्रादेशिक गाडी घ्यायची. या गाड्यांत सायकल नेता येते, जागा मात्र मोजकी असते, म्हणून सकाळची गाडी बरी. ला बासे-व्हियोलेन स्टेशनावर उतरायचं. तिथून उत्तरेला जाणारा मोठा रस्ता सरळ हिंदुस्थानी शिपायांच्या स्मारकाशी जातो, पण त्यावर ट्रक असतात. त्याऐवजी व्हियोलेन, लोर्जी या गावांमधून शेतांतले रस्ते धरा. जमीन इतकी सपाट की चर्चचं टोक बघत पुढच्या गावाला जाता येतं. दोन्ही बाजूंना बटाटा, गहू, साखरेचं बीट. मधूनमधून काटकोनात वळणारे पाण्याचे चर. १९१४च्या हिवाळ्यात फूटभर खणलं की पाणी लागायचं, असं वाचलं होतं. हे चर बघितल्यावर ते खंदक कसे असतील याची कल्पना येते.

साताठ किलोमीटरवर चौकात हे स्मारक दिसतं. हर्बर्ट बेकरनं ते रचलं. दिल्लीची सचिवालयं बांधणारा तोच हा बेकर. ७ ऑक्टोबर १९२७ला त्याचं अनावरण झालं. अशोकाच्या स्तंभांची आठवण देणारा सुमारे पंधरा मीटर उंचीचा खांब, त्यावर कमळ, दोन बाजूंना दोन वाघ, कोपऱ्यांत छोट्या छत्र्या. मागे गोलाकार भिंत. भिंतीचा अर्धा भाग सांचीच्या कठड्यासारखा जाळीदार आणि अर्धा भरीव. भरीव भागावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. ज्यांची कबर माहीत नाही असे शिपाई आणि मजूर. हिंदू आणि शीख शिपायांना शक्य तिथे अग्नी दिला गेला, त्यामुळे त्यांच्या कबरी मुळातच कमी. म्हणून ही भिंत महत्त्वाची. ‘ईश्वर एक आहे’ अशा अर्थाचं वचन खांबावर इंग्रजीत कोरलं आहे आणि तशाच आशयाचा मजकूर अरबी, हिंदी व गुरुमुखीत.

पहिल्या वेळी मी तिथे अर्धा तास थांबेन असं ठरवलं होतं, तीन तास थांबलो. नावं पलटणवार आहेत. सॅपर्सचा रकाना शोधला. रोमन लिपीत कुणा साहेबानं कानावर पडेल तसं लिहिलेलं स्पेलिंग, त्यामुळे नुसतं नजरेनं वाचून नाव आपल्याकडचं आहे की नाही ते कळत नाही. मोठ्यानं म्हणावं लागतं. मी एकेक नाव मोठ्यानं म्हणत गेलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. वारा आणि लांबवर एक ट्रॅक्टर.

तिथून जवळच, रिशबूरच्या हद्दीत, पोर्तुगीज सैनिकांचं कब्रस्तान आहे. १,८३१ कबरी. त्या बघून दक्षिणेला फेस्त्युबेरकडे वळा. १९१४च्या नोव्हेंबरात इथेच गढवाली शिपाई दरवानसिंग नेगींना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पूना हॉर्सचा लेफ्टनंट फ्रँक द पास २४ नोव्हेंबरला फेस्त्युबेरजवळच पराक्रम करून दुसऱ्या दिवशी मारला गेला. त्याची कबर बेत्यूनच्या कब्रस्तानात आहे. फेस्त्युबेरहून गोर गाव, तिथल्या लष्करी कब्रस्तानातही हिंदुस्थानी कबरी आहेत. हिंदू शिपायाच्या शिळेवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेलं असतं. पश्चिम युरोपातल्या एका शेताच्या कडेला ही अक्षरं वाचताना काय होतं ते मला लिहिता येत नाही.

गोरपासून कालव्याकाठची वाट धरली की सरळ बेत्यून. पूर्वी याच वाटेवरून घोडे नावा ओढायचे. आता एका बाजूला मासे पकडणारे आजोबा, दुसऱ्या बाजूला संथ जाणारी मालवाहू बोट. बेत्यूनचा मध्यचौक १९१८च्या तोफांनी उद्ध्वस्त केला होता आणि वीसच्या दशकात पुन्हा बांधला. मधला चौदाव्या शतकातला घंटामनोरा मात्र टिकला. तिथे कॉफी आणि परतीची गाडी. एकूण तीसेक किलोमीटर, चढ जवळजवळ शून्य.

गाडीनं गेलात तर ही ठिकाणं दोन तासांत ‘होतात’. सायकलवरून गेलं की मधली अंतरं कळतात. जिथे ते लढले, जिथे विसाव्याला मागे यायचे, जिथे जखमींना आणायचे, ते सगळं पायडल मारत एका दिवसात ओलांडता येतं, एवढ्याशा जागेत त्यांचं अख्खं वर्ष गेलं. पायदळ १९१५ अखेर मेसोपोटेमियाला हललं, घोडदळ १९१८च्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समध्येच होतं.

शेवंती

फार मनापासून लिहिलंय. खडकीचा उल्लेख वाचून थांबलेच, माझं माहेर बोपोडीचं.

जूनमध्ये आई-बाबा माझ्याकडे ॲमस्टरडॅमला येताहेत. बाबा ६८ वर्षांचे, रोज पाचसहा किलोमीटर चालतात, पण सायकल सोडून बरीच वर्षं झाली. आईला गुडघ्यांचा त्रास. ही फेरी त्यांना जमेल का? आणि आम्ही तिघंही शाकाहारी आहोत, खेड्यांत खायला काय मिळेल?

उत्तरवारा

शेवंतीताई, बाबांना जमेल. लीलमध्ये ई-बाइक भाड्यानं मिळतात, सपाट जमिनीवर त्यांना काही वाटणार नाही. पण आधी एक दिवस शहरातल्या बागेत सराव करून घ्या, ब्रेक आणि वजन दोन्ही वेगळं असतं. आईंसाठी बेत्यूनहून टॅक्सी करून थेट स्मारकाशी भेटा. वीस मिनिटांचं अंतर आहे.

खाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे लोक फसतात. या भागाची खासियत म्हणजे गाड्यावरचे बटाट्याचे फ्रित. आपण समजतो बटाटा आहे म्हणजे चालेल. पण इथे पारंपरिक पद्धतीत ते गाईच्या चरबीत तळतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. तेलात तळणारेही असतात, ते तसं सांगतात. मारोअल या इथल्या चीजची तार्त चांगली लागते, पण वास उग्र असतो आणि त्यात कधी डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, तेही विचारावं. गावाच्या बेकरीतला पाव, साखरेची तार्त आणि फळं यावर दिवस निघतो. बेकऱ्या दुपारी बंद होतात, सोमवारी बऱ्याच दुकानांना सुट्टी, रविवारी दुपारनंतर सगळं सुनसान. त्यामुळे थेपले, दशम्या बांधून घ्याच.

पाण्यासाठी एक युक्ती : प्रत्येक गावाच्या कब्रस्तानात फुलझाडांसाठी नळ असतो. पिण्यायोग्य नाही अशी पाटी नसेल तर बाटली भरून घेता येते. इथले जुने सायकलवाले हेच करतात.

दोन_चाकं

उत्तम धागा. मी बेल्जियमच्या बाजूला, कोर्त्राइकला राहतो आणि याच रस्त्यांवर वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर होतात. सायकलीच्या बाजूनं चार गोष्टी.

वारा इथे बहुतेक दिवस पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. आडोसा नसतो. समोरून वारा म्हणजे न संपणारा घाट. म्हणून लांबची फेरी पश्चिमेकडून पूर्वेकडे आखा आणि परत गाडीनं या.

टायर किमान ३५ मिलीमीटरचे. शेतरस्त्यांवर अजून दगडी फरशी आहे, तिला इथे पाव्हे म्हणतात. पॅरिस-रूबे शर्यत याच फरशीसाठी प्रसिद्ध. १८९६पासून चालू आहे. ‘उत्तरेचा नरक’ हे नाव तिला १९१९मध्ये पडलं, युद्धानं उजाड झालेला मुलूख ओलांडून मार्ग बघायला गेलेल्या लोकांनी जे पाहिलं त्यावरून. म्हणजे शर्यतीचं हे नाव आणि उत्तरवारांची भिंत एकाच मातीतली आहेत.

सगळ्यात कठीण टप्पा आरेनबेरच्या जंगलातला, जवळजवळ अडीच किलोमीटर, बाणासारखा सरळ. तिथे जंगलाखाली कोळशाची खाण होती. जाँ स्ताब्लिन्स्की नावाचा शर्यतपटू तरुणपणी त्या खाणीत कामाला होता. त्यानंच आयोजकांना हा रस्ता सुचवला आणि १९६८मध्ये तो पहिल्यांदा शर्यतीत आला. जमिनीखाली राबलेला आणि वरून शर्यत धावलेला माणूस. त्याचं स्मारक रस्त्याच्या तोंडाशीच आहे. ओल्या दिवशी त्या फरशीवर सायकल चालवू नका, मी पडलोय आणि मनगट मोडून घेतलंय. कडेनं पायवाट आहे, ती पकडा.

हे दगड आपोआप टिकलेले नाहीत. डांबर टाकून ते संपवायचा काळ येऊन गेला. ‘पॅरिस-रूबेचे मित्र’ नावाची स्वयंसेवकांची संघटना आहे, ती लोकं दरवर्षी गुडघ्यावर बसून एकेक दगड पुन्हा बसवतात. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. नांगरताना शेतकऱ्यांना अजूनही न फुटलेले तोफगोळे सापडतात. ते शेताच्या बांधावर, विजेच्या खांबाच्या बुंध्याशी ठेवून देतात आणि सरकारी पथक येऊन घेऊन जातं. गंजलेलं लोखंड म्हणून दिसतं. हात लावायचा नाही, पायानंही हलवायचं नाही. मुलं बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवा.

कातळशिल्प

लेखन आवडलं, पण एक अडचण मांडतो. ज्या साम्राज्यानं आपल्याला गुलाम केलं त्याच्यासाठी ही माणसं मेली. स्मारक त्याच साम्राज्यानं बांधलं, खांबावर कमळाच्या वर ब्रिटिश मुकुट बसवला. शिवाय अनावरणालाही त्यांचाच लॉर्ड. आपण तिथे जाऊन हात जोडतो तेव्हा नेमकं कशाला जोडतो? मला उत्तर मिळत नाही, म्हणून विचारतो. वाद घालायचा हेतू नाही.

उत्तरवारा

प्रश्न रास्त आहे आणि तो मलाही पडला होता. मुकुट आहे, खरं आहे. मी मुकुटाला हात जोडले नाहीत.

या शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचायचा आणि इंग्रजीत भाषांतर करून ठेवायचा. ते उतारे लंडनला जपलेले आहेत. त्यांत राजनिष्ठेच्या ओळी आहेत, आणि घरच्यांना ‘भरती होऊ नका’ म्हणून आडून दिलेले इशारेही आहेत. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, अशा सांकेतिक भाषेत कुठली मिरी किती खर्ची पडते आहे ते लिहिलेलं आहे. म्हणजे काय चाललं आहे ते त्यांना कळत होतं. पगारासाठी, जमिनीसाठी, घराण्याच्या रिवाजासाठी गेलेली ही माणसं. त्यांच्यापुढे पर्याय काय होते हे आज ठरवणं मला अवघड वाटतं. त्यांच्या नावाचं पुढे काय झालं एवढंच माझ्या हातात आहे. साम्राज्य गेलं, मुकुटाला आता अर्थ उरला नाही, आणि नावं वाचायला आपल्याखेरीज कोण येणार?

कातळशिल्प

हे पटलं. मिरीचा उल्लेख माहीत नव्हता. धन्यवाद.

अनवट_वाट

याच विषयाला जोडून सोमबद्दल लिहिते. आम्ही दोघी मैत्रिणींनी पेरोनपासून समुद्रापर्यंत सोम नदीच्या काठानं पाच दिवसांत सायकल चालवली. बहुतेक वाट नदीच्या आणि कालव्याच्या कडेची, गाड्या नाहीत, चढ नाही. वाटेत आमियाँचं कॅथेड्रल, १९८१पासून जागतिक वारसा. तिथे एक रात्र राहाच. शहराला लागूनच पाण्यात तरंगल्यासारखे भाजीचे मळे आहेत, सपाट बुडाच्या नावेतून फिरता येतं. शेवटी सँ-वालेरीला नदी समुद्राला मिळते. तिथल्या वाळूवर ओहोटीला सील पहुडलेले दिसले.

पण पेरोनच्या पश्चिमेला आडवाट करून आम्ही लाँगव्हालला गेलो, कारण माझे पणजोबा हैदराबाद संस्थानात नोकरीला होते आणि घरात डेक्कन हॉर्सचं नाव ऐकलेलं. १४ जुलै १९१६च्या संध्याकाळी याच घोडदळानं इथल्या जंगलाकडे भाले सरसावून धाव घेतली होती, गव्हाच्या उभ्या पिकातून. आजही तिथे गहूच होता, जुलैच होता, कापणीला आलेला. जंगल खासगी आहे, आत जाता येत नाही. रस्त्याच्या कडेला सायकली टेकवून आम्ही उभ्या राहिलो. घोडा किती मोठा दिसत असेल आणि त्या उघड्या उतारावर लपायला काहीच कसं नसेल, हे तिथे उभं राहिल्यावरच समजलं.

तिएपवालची स्मारक-कमानही बघा. वास्तुकार ल्युटेन्सची, १९३२ची, बेपत्ता सैनिकांची ७२,००० हून अधिक नावं. ल्युटेन्स आणि बेकर दोघेही दिल्लीहून इथे येऊन पोचलेत असं वाटत राहतं.

आणखी एक, फारसं कुणी सांगत नाही असं ठिकाण. नदीच्या मुखाजवळ नोयेल-स्युर-मेर गावात चिनी मजुरांचं कब्रस्तान आहे. सुमारे ८४० कबरी, चिनी पद्धतीचं दगडी दार, कडेला शेतं. ते लढायला आले नव्हते, सामान उतरवायला, रस्ते बांधायला आले होते. पुष्कळ जण १९१८-१९च्या साथीत गेले.

गढीवाला

युद्धाच्या पलीकडेही हा भाग आहे, म्हणून मी वेगळ्या कोपऱ्याचं लिहितो : तिएराश. बेल्जियमच्या सीमेला लागून, एन जिल्ह्याच्या उत्तरेला. इथे जमीन सपाट नाही. हिरवी कुरणं, कुंपणाची झाडं, सफरचंदाच्या बागा, गाई. मारोअल चीज याच पट्ट्यातलं.

इथली चर्चं तटबंदीची आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकात फ्रान्स आणि स्पेनच्या फौजा या सीमेवरून सतत ये-जा करायच्या. राजाला खेड्यांचं रक्षण करणं जमत नव्हतं. मग गावकऱ्यांनी जुन्या चर्चला विटांचे जाड मनोरे जोडले, वर जंग्या ठेवल्या, माळ्यावर आसरा केला. फौज आली की माणसं आत आणि दार बंद. मला आपल्याकडच्या गढ्याच आठवल्या. मराठवाड्यात आमच्या गावची गढी आता नुसती पांढरी माती राहिली आहे, पण लहानपणी आजी सांगायची की पेंढारी आले की सगळं गाव आत जायचं. इथे तो आसरा देवाच्या घरालाच जोडला, एवढाच फरक.

प्लोमियों, ब्युरेल, प्रीस, आंग्लाँकूर ही गावं जरूर करा. लाल विटांत काळपट विटा घालून चौकटीची नक्षी केलेली असते, ती सकाळच्या उन्हात बघावी. एका गावाचं नाव विमी, तिथल्या चर्चला दोन भक्कम गोल मनोरे आहेत आणि आत विहीर, पावाची भट्टी, चुली. म्हणजे वेढा पडला तरी दिवस काढायची सोय. कॅनेडियन स्मारकाचं विमी वेगळं, ते आरासजवळ. उच्चार सारखाच, स्पेलिंगचं पहिलं अक्षर वेगळं. नकाशात नाव टाकताना जपा, मध्ये शंभर किलोमीटर आहेत.

ग्वीज ते इर्सों अशी जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट आहे, वाज नदीच्या खोऱ्यातून जाते. चढ सौम्य. तीच धरून राहा आणि गावांसाठी डावी-उजवीकडे फाटे मारा. फाट्यांना मात्र चढ लागतो. ग्वीजला फॅमिलिस्तेर चुकवू नका. गोदाँ नावाच्या शेगड्यांच्या कारखानदारानं १८५९पासून आपल्या कामगारांसाठी बांधलेली वसाहत. काचेच्या छताखाली मोठे चौक, भोवती तीन मजली घरं, शाळा, नाट्यगृह, पोहण्याचा तलाव. आपल्या चाळीचा चौक घेऊन त्यावर काच घातली तर कसं दिसेल, तसं. मी तिथे अख्खी दुपार बसून होतो.

दोन_चाकं

गढीवाला, हे वाचून तिएराश लगेच यादीत घेतलं.

उत्तरवारा

गढीवाला, अगदी हेच हवं होतं. प्लोमियोंला मी गेलो आहे, पण चर्चला कुलूप होतं. बऱ्याच ठिकाणी किल्ली नगरपालिकेत किंवा समोरच्या घरी असते, विचारायला लाजू नये. लोक आनंदानं उघडतात आणि सोबत येतात.

पहिल्या लेखात राहिलेला दुसरा दिवस आता जोडतो. बेत्यूनला मुक्काम केला तर सकाळी दक्षिणेला लोस-आँ-गोएलकडे निघा. मैदानात दोन काळे शंकू दिसायला लागतात. त्यांना तेरील म्हणतात, खाणीतून कोळशाबरोबर निघालेल्या दगडमातीचे ढीग. समुद्रसपाटीपासून १८६ मीटर. वर चालत जाता येतं. या प्रदेशात कोळसा १७२०मध्ये सापडला आणि कोळशाची शेवटची गाडी २१ डिसेंबर १९९०ला वोन्यीच्या खाणीतून वर आली. मधल्या २७० वर्षांचं जे उरलं, म्हणजे तेरील, खाणींचे लोखंडी मनोरे, विटांच्या कामगारचाळी, ते सगळं २०१२पासून जागतिक वारसा आहे. माझ्या मते हा निर्णय फार मोलाचा. राजवाडे जपणं सोपं असतं, मजुरांच्या चाळी आणि राखेचे ढीग जपायला वेगळी नजर लागते. त्याच वर्षी लाँसमध्ये जुन्या खाणीच्या जागेवर लूव्रची शाखाही उघडली.

जवळच कूरिएरच्या खाणीत १० मार्च १९०६ला स्फोट झाला आणि १,०९९ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही. बरोबर नऊ वर्षांनी, त्याच तारखेला, वीसेक किलोमीटरवर नव्ह-शापेलचा हल्ला सुरू झाला.

मग लोरेतची टेकडी. या फेरीतला एकमेव खरा चढ. वर फ्रान्सचं सर्वांत मोठं लष्करी कब्रस्तान आणि त्याला लागून २०१४मध्ये उघडलेलं स्मृतिवलय. एक मोठं कडं, आत धातूचे पत्रे, त्यांवर ५,७९,६०६ नावं. या प्रदेशात मेलेले सगळे, अक्षरानुक्रमानं. हुद्दा नाही, देश नाही, शत्रू-मित्र नाही. ‘सिंग’ या नावापाशी पोचलात की तिथून बराच वेळ पुढे हलता येत नाही. तिथून विमीचं कॅनेडियन स्मारक. आजूबाजूची जमीन अजून खड्ड्याखड्ड्यांची आहे, आत स्फोटकं आहेत म्हणून गवत कापायला माणसं न पाठवता मेंढ्या सोडतात. शेवटी उतरून आरास. दिवसभरात पन्नास किलोमीटरच्या आसपास.

२०२३मध्ये युनेस्कोनं पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीवरची १३९ स्मृतिस्थळं वारसा यादीत घेतली. नव्ह-शापेल त्यांत आहे.

मळेकर

ऑक्टोबरात आलो तर चालेल का? दिवाळीच्या आधीची सुट्टी आहे.

दोन_चाकं

चालेल, पण बीटाची काढणी असते. ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येताना चिखल घेऊन येतात, वर पाऊस पडला की रस्ता साबणासारखा. ‘चिखल’ अशी पाटी दिसली की खरंच वेग कमी करा. मडगार्ड हवेत, मागे दिवा दिवसाही चालू ठेवा. बांधावर बीटाचे घराएवढे ढीग आणि सकाळचं धुकं बघायला मिळतं, ते मला जूनपेक्षा जास्त आवडतं.

शेवंती

जाऊन आलो. लिहीन म्हणून ठेवलं होतं, पंधरा दिवस गेले.

बाबांनी लीलमध्ये एक दिवस सराव केला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पुढे होते. ज्या दुकानातून सायकली घेतल्या त्यांनी माझ्या चाकाचा झिजलेला टायर तसाच दिला होता, तो लोर्जीच्या अलीकडे फाटला. एका शेतकरी काकूंनी अंगणात बोलावलं, पाणी दिलं, त्यांच्या मुलानं आतून टायरला पट्टी लावून दिली. कुठे जाताय विचारलं. भाषा जमत नव्हती. बाबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि ‘आँद’ म्हणाले, म्हणजे फ्रेंचमध्ये भारत, एवढा एक शब्द ते घरून शिकून आले होते. त्या काकूंनी लगेच स्मारकाच्या दिशेनं हात केला.

आई टॅक्सीनं आधीच पोचली होती. आम्ही गेलो तेव्हा ती भिंतीसमोर उभी होती आणि चष्मा काढून, पदरानं पुसून, पुन्हा वाचत होती. तुम्ही म्हणालात तसंच झालं. इंग्रजी तिला सावकाश वाचता येतं, त्यामुळे ती एकेक अक्षर जोडून मोठ्यानंच म्हणत होती. सॅपर्सच्या रकान्यापाशी आली आणि एका नावाला थांबून मला म्हणाली, “हे आपल्याकडचंच गं.” मग बाबा पुढचं नाव वाचायला लागले, मग मी. तो रकाना आम्ही तिघांनी मिळून पुरा केला.

तिथे भेटीची वही असते. आईनं मराठीत लिहिलं : बोपोडीहून आलो. नावं वाचली. खाली तारीख घातली. आधीची पानं चाळली तेव्हा गुरुमुखीत लिहिलेलं बरंच होतं, नेपाळीत दोन ठिकाणी, आणि तीन पानं मागे मराठीत एक ओळ होती, सही नव्हती, फक्त ‘खडकी’. उत्तरवारा, ती तुमची आहे का?

उत्तरवारा

हो.